पोळलं की सांगायचं

तुम्हाला गाठ तापवायची ट्रीटमेंट द्यायची ठरली, तर टेबलावर झोपवल्यावर तुमच्या हातात एक बटण देतील. वायरीच्या टोकाला असतं, अंगठ्याखाली बरोबर बसतं. जरा पोळल्यासारखं झालं की दाबायचं. ते दाबा. एवढं सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे. बाकीचं नाही वाचलंत तरी माझी हरकत नाही.

वाचणार असाल तर आधी मी कोण ते सांगतो. मी रत्नागिरीचा. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या रसाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून मी सगळी नोकरी काढली. आंब्याच्या हंगामात घरी फक्त झोपायला यायचं, ते पाऊस सुरू होईपर्यंत. लोकांना हापूस म्हटलं की गोडवा आठवतो, मला वाफ आठवते. रस गरम करायचा, गरम असतानाच डब्यात भरायचा, झाकण बसवायचं आणि डबे उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडायचे. ठरलेला ताप ठरलेला वेळ मिळालाच पाहिजे. मध्येच ताप उतरला तर डबा दिसायला छान दिसतो, पण महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी फडताळात बसल्या बसल्या फुगतो. फुगलेला डबा म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी बेअब्रू. माझ्या हाताखालून गेलेला डबा कधी फुगला नाही, असं मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या टाकीपाशी शिकलेल्या गोष्टींमुळे झालं.

गाठ

उजव्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी तिला काही बोललो नाही आणि तीही मला काही बोलली नाही. पँट एका बाजूने घट्ट व्हायला लागली तेव्हा माझी बायको सुलभा म्हणाली, "अहो, हे पाय बघा तुमचे. दोन माणसांचे दोन वाटतायत." मी म्हटलं, हंगाम संपू दे.

हंगाम संपला. गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. डॉक्टर आमच्या ओळखीचे. एरवी गेलो की आधी आंब्याची चौकशी, मग नाडी. त्या दिवशी त्यांनी नुसतं "बसा" म्हटलं. आंब्याचं नाव काढलं नाही, तेव्हाच मला कळलं. पुढे ते जे बोलले त्यातलं "मांडीच्या आतला कॅन्सर" एवढंच माझ्यापर्यंत पोचलं.

परत येताना स्कूटर घराकडे वळवायची ती मी आरे-वारेच्या रस्त्याला घातली. का ते मला आजही सांगता येणार नाही. मागे बसलेल्या सुलभानेही विचारलं नाही. वरच्या वळणावर, जिथून दोन्ही किनारे दिसतात, तिथे थांबलो. ती म्हणाली, "मुग्धाला कोण सांगणार?" मुग्धा आमची मुलगी, मुंबईला असते. मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, मी नाही सांगणार. यावरून आम्ही तिथे रस्त्याच्या कडेला चक्क भांडलो. तेवढ्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं आणि काकू, आमचा एक फोटो काढता का, म्हणालं. सुलभाने मोबाईल घेतला, मुलीला जरा पुढे यायला सांगितलं, "हसा की" म्हणाली, चांगले दोन-तीन फोटो काढले. मोबाईल परत दिला आणि रस्त्याकडे पाठ करून रडली. मी स्कूटरचा आरसा पुसत उभा राहिलो.

लाल ठिपका

पुढच्या उपचारांसाठी कोल्हापूरला पाठवलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती, पण बोलायला सरळ. ती म्हणाली, "गाठ आक्रसली तर नुसती गाठ काढू. पाय राहील."

"आणि नाही आक्रसली तर?"

तिने सुलभाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तर पाय ठेवता येणार नाही, काका."

रोज रेडिएशन घ्यायचं आणि त्याच्या जोडीला दर शुक्रवारी मांडी तापवायची, असं ठरलं. गाठीच्या आतला ताप बेचाळीस अंशांच्या आसपास नेऊन तासभर तिथे धरायचा, म्हणजे रेडिएशन जास्त लागू पडतं. कॅन्सर झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या ओळखीचं काहीतरी कानावर पडलं. बेचाळीस! आमच्याकडे एवढ्या तापाला कुणी कोमटसुद्धा म्हणत नाही. मी सुलभाला कुजबुजून सांगितलं, काळजी करू नको, हे माझ्या हातचं आहे.

मग डॉक्टरने कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. माझीच मांडी, स्कॅनवरून बनवलेली. बहुतेक निळी, गाठीच्या जागी केशरी, आणि गुडघ्याच्या वर आतल्या अंगाला एक लाल ठिपका.

"हा काय?"

"इथं तुम्हाला त्रास होईल असा अंदाज आहे. माणूस टेबलावर यायच्या आधीच त्याला कुठं पोळेल, ते हिशेबानं काढायचा आम्ही प्रयत्न करतोय. पण शेवटी अंदाजच तो. आत थर्मामीटर दोन-चार ठिकाणीच घालता येतात. बाकी सगळ्या मांडीचा थर्मामीटर तुम्हीच. पोळलं की सांगायचं."

"आणि सांगितल्यावर?"

"मग आम्ही तिथला ताप बघतो..." ती पुढे समजावत होती. मी मान हलवत होतो, पण ऐकत नव्हतो. बघतो म्हणजे कमी करतो, एवढं मला न सांगताही कळत होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या ठिपक्याचा राग आला होता. मला कुठे दुखणार, हे माझ्याआधी कुणीतरी रंगवून ठेवलं होतं.

आक्का

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. सुलभा शाळेच्या ऑफिसात काम करायची, तिने रजा टाकली. इंडक्शनवर ती भात आणि कुळथाची पिठी करायची, कारण तिथल्या रश्श्याने माझं पोट बिघडलं होतं. सकाळी रेडिएशन, मग दिवसभर खोलीत छताकडे बघत पडायचं. शनिवारी एसटीने आंबा घाट उतरून घरी, रविवारी परत. रेडिएशनच्या रांगेत सगळे एकमेकांना ओळखायचे आणि कुणी एखाद्या सोमवारी दिसलं नाही तर त्याच्याबद्दल कुणी विचारायचं नाही.

शुक्रवारी तापवायच्या खोलीत माझ्या आधी एक म्हातारी असायची. गगनबावड्याकडची. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या ओटीपोटात गाठ होती. आत गेल्यापासून ती जी सुरू व्हायची ती बाहेर येईपर्यंत. आम्हाला बाहेर बाकावर सगळं ऐकू यायचं.

"मेलो गं बया, मेलो! कमरंला भाजलं! बंद कर ती भट्टी!"

"आक्का, कुठं भाजायलंय? डावीकडं का उजवीकडं?" हा आवाज अश्विनीचा, मशीन चालवणाऱ्या मुलीचा. कोल्हापूरचीच, ठसठशीत बोलायची आणि कधी वैतागायची नाही.

"डावीकडं. आता न्हाई. आता परत! अगं हाय का तू तिथं?"

बाकावरची माणसं तोंडावर रुमाल धरून हसायची. मीही हसायचो. सुलभाला म्हटलं, "हिचा डबा फुगणार बघ. दर दोन मिनिटांनी ताप उतरवायला लावतेय." सुलभा म्हणाली, "असं कुणाबद्दल बोलू नये." मी म्हटलं, बोलत नाही, जे दिसतंय ते सांगतोय.

दोन

मांडीभोवती पाण्याची पिशवी बांधतात, तिच्याभोवती एक जाड कडं. बारीक नळ्यांतून थर्मामीटर आत सरकवतात. मग खोलीत आवाज फक्त पंख्याचा आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाचा. हळूहळू अंगाला घाम फुटतो, उशी भिजते, तोंडाला कोरड पडते. अश्विनी कपाळावर ओला रुमाल ठेवायची, नळीने गार पाणी पाजायची. ती नसती तर तो तास मला काढता आला नसता.

पोळायला लागलं ते बरोबर गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला. आधी मे महिन्यातल्या कातळावर टेकल्यासारखं. मग ते आत गेलं, तिथेच मुक्काम करून राहिलं, आणि ठणकत वाढायला लागलं.

"काका, एक ते दहामधलं सांगा. किती पोळायलंय?"

"दोन."

"गुडघ्याच्या वर, आतनं काही?"

"काही नाही."

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. मी अंगठा त्यावरून उचलून पोटावर ठेवला, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. माझं गणित सरळ होतं. बटण दाबलं की ताप उतरणार. ताप उतरला की गाठीला कमी मिळणार, ती वरून दबलेली दिसेल आणि दोन महिन्यांनी फुगेल. मग पाय जाणार. त्यापेक्षा कातडी भाजली तर भाजू दे. टाकीपाशी काम करून माझ्या हातांवर असे कितीतरी डाग होते. मला हा पाय हवा होता. आंघोळीला स्वतःच्या पायाने जायचं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती मी तोंडातून बाहेर पडू देत नव्हतो.

डॉक्टर येऊन पडद्याकडे बघत राहिली. "कमाल आहे. तुमच्या बाबतीत अंदाज चुकलेला दिसतो. चांगलंच झालं. थोडं वाढवू या."

परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं मला.

सुलभा काचेपलीकडे बसलेली असायची. दुसऱ्या शुक्रवारी खोलीवर आल्यावर तिने विचारलं, "पोळत होतं ना?"

"नाही."

"डाव्या पायाची बोटं वळत होती तुमची. मी बघत होते."

"तुला काचेतून काय दिसतंय?"

"मी सांगू का अश्विनीला?"

"मध्ये पडू नको. पाय माझा आहे," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला नको होतं. तिने पुढ्यात ताट ठेवलं आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आतून

त्यानंतरच्या एका शुक्रवारी ठणका वाढला तेव्हा मी दात इतके आवळले की नंतर जेवताना जबडा दुखला. तरी "तीन" म्हणालो. एक वाढवून सांगितलं, म्हणजे खरं वाटेल.

उठून पाहिलं तर कातडी चांगली. जरा लालसर, बस्स. मी मनात म्हटलं, जिंकलो. पाण्याची पिशवी कातडीला गार ठेवते आणि भाजतं ते खाली, चरबीत, हे मला नंतर कळलं. दोन दिवसांनी तिथे टणक लागायला लागलं. मग हात लावू देईना. मग ती जागा काळवंडली आणि एका सकाळी फुटली.

डॉक्टरने पट्टी सोडून पाहिलं. "काका, हे तुम्हाला त्या वेळी कळलं असणार."

"थोडंफार."

"किती? एक ते दहामधलं."

सुलभा समोर उभी होती. "नऊ," मी म्हटलं.

सुलभाने तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मग अंदाज बरोबर होता. तिथं काही नाही, असं तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही तो खोडला आणि तिथलाच ताप वाढवला."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही कमी केला असता. मग गाठीचं काय?"

"कमी नसता केला. हलवला असता." तिने बोटांनी हवेत कडं काढून दाखवलं. "ताप चारी बाजूंनी येतो. एका बाजूचा थोडा उतरवायचा, दुसऱ्या बाजूचा चढवायचा. पोळणारी जागा सरकते, गाठीला ताप तेवढाच मिळतो. आक्का ओरडतात ना, त्यांच्या ओरडण्यावरूनच आम्ही त्यांचा ताप जुळवतो. त्यांना तो सगळ्यात चांगला मिळतोय."

आमच्या टाकीच्या वाफेला एकच व्हॉल्व्ह होता. उघडायचा नाहीतर बंद करायचा. ताप एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवता येतो, हे माझ्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. आणि जेव्हा ती समजावत होती तेव्हा मी फक्त मान हलवत होतो.

तापवणं बंद झालं. जखमेमुळे रेडिएशनही थांबत थांबत.

घाट

त्या शनिवारी घाटात धुकं होतं. एसटी मुंगीच्या पावलाने चालली होती. सुलभा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिथे तुम्हाला ओरडायला लाज वाटत होती, तर मला सांगायचं. तुमच्या वतीने मी ओरडले असते." मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण धरलाही नाही.

मुग्धा फोनवर रडत रडत चिडली. "दोन काय बाबा, दोन? मला ताप आला की तुम्ही सारखं विचारायचात, कुठे दुखतंय, कुठे दुखतंय. मी सांगायचे ना?" मी म्हटलं, हो, सांगायचीस.

जखम भरायला फार दिवस गेले. तेवढ्यात पुन्हा स्कॅन झाला. गाठ आक्रसली नव्हती, उलट मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती. पाय मांडीच्या अगदी वरून काढावा लागेल, असं डॉक्टरने सांगितलं. मी तिला एकच विचारलं, "भाजलं नसतं तर राहिला असता का?"

"सांगता येत नाही, काका," ती म्हणाली. "काहींची गाठ सगळं नीट होऊनही आक्रसत नाही." तिला खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. ती बोलली नाही, याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे. तिला मी पुन्हा विचारलं नाही. स्वतःला मात्र विचारत असतो.

ऑपरेशननंतर आक्का मला बघायला वॉर्डात आली. तिची गाठ बरीच उतरली होती, ती घरी चालली होती. पांघरुणाखाली जिथे काही नव्हतं तिथे तिने पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "का रं बाबा, तोंड नव्हतं व्हय तुला?" म्हणाली. मग स्टूल ओढून बसली आणि तिची एसटीची वेळ होईपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडलो. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असेल.

घरी

आता घरी आहे. तपासण्या चालू आहेत. कॅन्सर छातीत पसरलेला नाही, असं आत्तापर्यंत तरी म्हणतात. कुबड्यांवर ओटीपर्यंत जातो. आंघोळीला सुलभा लागते. कारखान्यातला दत्ता हंगाम संपल्यावर रसाचे दोन डबे घेऊन आला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "सायेब, तुमी नव्हताव, तरी यंदा एकय डबा फुगला नाय बगा." मी म्हटलं, छान. डबे अजून तसेच फडताळात आहेत.

आणि पोळतं. नसलेल्या पायाला. असं होईल याची कल्पना हॉस्पिटलात दिली होती, पण कुठे होईल ते कुणी सांगितलं नव्हतं. ते होतं गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला, त्या लाल ठिपक्याच्या जागी. दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवा झालो की सुरू. पहिल्या वेळी सवयीने दात आवळले. मग आवळलेले सोडले.

"सुलभा, पोळतंय."

ती हातातलं टाकून येते. "किती?"

"सात."

ती फडकं गार पाण्यात पिळून आणते आणि विचारते, "कुठे?" मी सपाट चादरीवर बोट ठेवून दाखवतो. ती फडक्याची नीट घडी करून तिथे ठेवते, वरून तळहात दाबते. चादर भिजते, खालची गादी भिजते. तिला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे.

"आता किती?"

तिचा चेहरा बघून कमी करून सांगावं असं फार वाटतं.

"सातच," मी सांगतो, आणि ती फडकं पुन्हा गार करून आणायला उठते.